एका जास्वंदीसाठी एक ट्रॉली

दोन हजार तीन साली मंचरच्या पेठेत एका जास्वंदीसाठी ट्रॅक्टरची अख्खी ट्रॉली भरून खत मागवणारा माणूस तुम्हाला आठवत असेल, तर तो मीच. आठवत नसेल तर चांगलंच आहे. पण पेठेत कुणालाही विचारा, तो सांगेल, आणि सांगताना नाकाला रुमाल लावून दाखवेल. म्हणून म्हटलं, लोकांनी सांगण्यापेक्षा आपणच एकदा नीट टाइप करून ठेवावं.

मी राहायचो रिखबचंद शेठच्या घरी, मागच्या खोलीत. पुढे त्यांचं कापडाचं दुकान, मध्ये घर, मागे फरशीचं अंगण, अंगणाच्या टोकाला माझी खोली. खोलीत एक सेकंडहँड कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. लग्नपत्रिका, सोसायटीचे ठराव, दहाव्याची कार्डं असलं टाइप करून द्यायचो. कुणाकडे शिकलो नव्हतो. एक कव्हर नसलेलं पुस्तक होतं, त्यातून जेवढं कळलं तेवढं केलं, नाही कळलं ते दाबून बघितलं. आयुष्यात बाकी गोष्टीही मी अशाच करतो, हे पुढे दिसेलच.

खोलीसोबत सकाळचा चहा होता. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सकाळी सात वाजता शेठच्या मंडळी, मोहनबाई, म्हणजे आमच्या काकी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कप बाहेर ठेवायच्या आणि मी तो उचलायचो. आलं, गवती चहा, दूध जास्त. असा चहा मी आमच्या गावी, आण्याला पण पिलो नाही.

अंगणात एका कोपऱ्यात फरश्या काढून तीन फूट बाय तीन फुटाचा वाफा केला होता. त्यात काकींची जास्वंद. साधी, लाल, पाच पाकळ्यांची. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून फांदी आणून लावलेली. रोज सकाळी त्यातलं एक फूल अलगद खुडून काकी मंदिरात न्यायच्या. विकतचं फूल त्यांनी तीस वर्षांत देवाला नेलं नव्हतं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर कळ्या गळायला लागल्या. पानं आकसली, पानांच्या मागे कापसासारखं पांढरं काहीतरी धरलं. पाडव्यापर्यंत एक फूल दिसेना. काकींनी कुणाला दोष दिला नाही. त्यांनी ठरवलं की आपल्याच हातून काहीतरी चुकलंय, कुठल्यातरी जिवाला आपल्यामुळे त्रास झालाय, त्याशिवाय तीस वर्षांचं झाड असं करणार नाही. आणि त्यांनी नियम घेतला. घरचं फूल देवाला जाईपर्यंत चहा बंद.

आता काकींनी सोडलेली गोष्ट काकी घरात बनवत पण नाहीत. म्हणजे चहा त्यांचा बंद, शेठचा बंद आणि काही गुन्हा नसताना माझा पण बंद. पण माझं जाऊ द्या. काकींना लहानपणापासून चहाची सवय. पहिले पंधरा दिवस त्या डोक्याला फडकं घट्ट बांधून भाकऱ्या थापत होत्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, काही नाही, ऊन लागलंय. ते बघवत नव्हतं.

म्हणून मी एका सकाळी बोलून गेलो, "काकी, मी शेतकऱ्याचा पोरगा आहे. महिन्याभरात फूल काढून दाखवतो."

काकींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बघ बाबा. पण औषध मारायचं नाही. कुठलाही जीव मरता कामा नये. फूल देवाला जायचंय."

खरं सांगतो, शेतकऱ्याचा पोरगा हे बरोबर आहे, पण तेवढंच बरोबर आहे. आमचं आण्याच्या पठारावर बाजरी आणि मटकी. ती पण आईबापांनी काढलेली. मी शाळेत असल्यापासून मातीकडे पाठ करून बसायचो. शेळ्यांची धार काढायचो, तेवढीच माझी शेतकी.

बातमी पेठेत गेली. समोर चिमाजीअण्णा राहायचे. जन्मभर कांदा केलेला माणूस, आता जमीन पोरांना देऊन आमच्या ओट्यावर बसून असायचे. ते येऊन झाडाभोवती फिरले आणि म्हणाले, "फवारा मार. दोन दिसात साफ." मी म्हटलं, फवारा नाही चालत. "मग झाड उपट." यापलीकडे अण्णांकडे तिसरा उपाय नव्हता. सलूनवाल्याने ताक घालायला सांगितलं. मेडिकलवाल्याने रक्तवाढीच्या गोळ्या कुटून मुळाशी घाल म्हणून सांगितलं, आणि एक पाकीट दिलं पण. मुदत संपलेलं होतं, ती गोष्ट वेगळी.

मी म्हटलं, नाही. आपण मुळापासून जायचं. झाड आजारी म्हणजे माती आजारी. आधी माती तपासायची. हे कुठून सुचलं म्हणाल, तर मागच्याच आठवड्यात एका दुकानदारासाठी मी माती परीक्षणाचं पत्रक टाइप केलं होतं. त्यात लिहिलं होतं, शेतात नागमोडी चालत आठ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यावा, वीतभर खोल. मग सगळी माती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो नमुना राहीपर्यंत असंच करावं.

मी सूचना तंतोतंत पाळतो. तीन फूट बाय तीन फुटात मी नागमोडी चाललो. म्हणजे एक पाय इकडे, एक पाय तिकडे, मध्ये जास्वंद. आठ खड्डे घेतले. काकी खिडकीतून बघत होत्या. आठवा खड्डा झाला तेव्हा झाड कशावर उभं होतं ते मला नक्की सांगता येणार नाही. शेठ दुकानातून आले, बघितलं, परत दुकानात गेले.

नमुना पिशवीत भरून मी तपासणीच्या ठिकाणी गेलो. तिथले साहेब सज्जन होते, पण त्यांच्यासमोर फॉर्म होता. गट नंबर विचारला. मी म्हटलं, गट नाही, सिटी सर्व्हे आहे. सातबारा? प्रॉपर्टी कार्ड चालेल का? साहेबांनी चष्मा काढला. क्षेत्र किती? मी म्हटलं, नऊ चौरस फूट. त्यांनी बराच वेळ हिशेब करून शून्य हेक्टर शून्य आर लिहिलं. म्हणजे कागदावर माझ्याकडे जमीन नव्हती, फक्त माती होती. बागायत का जिरायत? बागायत, काकी रोज तांब्याने पाणी घालतात. पीक? जास्वंद. जास्वंद यादीत नव्हती. यादीत फुलशेतीत गुलाब, शेवंती आणि झेंडू. साहेब म्हणाले, शेवंती लिहू का? मला वाटलं, आजारी माणसाचं नाव बदलून डॉक्टरकडे नेल्यासारखं होईल. मी अडून बसलो. मागे कांदेवाल्यांची रांग वाढली. शेवटी 'इतर' लिहिलं, आणि रिपोर्ट यथावकाश येईल म्हणाले.

यथावकाश म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. काकींच्या डोक्याचं फडकं मात्र मला रोज दिसत होतं. मग मीच डोकं चालवलं. माझा चुलतभाऊ भागूदादा एका साखर कारखान्यात कामाला होता, कुठल्या ते लिहीत नाही. उसाच्या रसातला गाळ निघतो, त्याला मळी म्हणतात, काळीभोर, जमिनीला सोनं. मी दादाला फोन करून एक पोतं पाठव म्हटलं.

"पोत्याचा पास निघत न्हाई," दादा म्हणाला. "ट्रॉलीचा निघतो."

"मग कसं करायचं?"

"तू काळजी करू नको. मी हाय ना."

मला वाटलं, दादा काहीतरी ओळख लावून पोतं काढणार. नात्यातली माणसं मी हाय ना म्हणतात तेव्हा पुढचं विचारायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

एप्रिलचा महिना, लग्नसराई, दुपारचे बारा. शेठच्या दुकानात एक वऱ्हाडच बस्त्याला बसलेलं. पेठेच्या तोंडाशी ट्रॅक्टर वाजला. मागे ट्रॉली, ट्रॉलीतून वाफा निघतायत. ड्रायव्हर माझ्या नावाची चिठ्ठी वाचत आला. मी त्याला सांगत होतो की थांब, परत ने. पण गल्लीत ट्रॅक्टर वळत नव्हता आणि मागे टेम्पो हॉर्न देत होते. त्याने एकच विचारलं, माल तुमचाच ना? मी खरं बोललो. त्याने ट्रॉली उचलली.

तीन टन मळी शेठच्या पायरीशी. ताजी, गरम, आणि वास असा की नवरीची आत्या पदर तोंडाला धरून उठली ती समोरच्या दुकानात जाऊनच बसली. तिच्यामागे वऱ्हाड गेलं. शेठ गादीवर उलगडलेल्या शालूच्या घड्या घालत राहिले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

चिमाजीअण्णा बाहेर आले, मूठभर मळी हातात घेऊन चोळली, वास घेतला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले की असला माल नशिबाने मिळतो. झालं. अर्ध्या तासात घमेली, बादल्या, तेलाचे डबे घेऊन पेठ हजर. संध्याकाळपर्यंत निम्मा ढीग गेला. उरलेला दुसऱ्या दिवशी नगरपट्ट्याचा एक भाजीवाला घेऊन गेला. मला दोन दिवस लोक मान द्यायला लागले. रस्त्यात थांबवून तुळशीला किती घालू विचारायचे. मी पण सांगायचो. ओंजळभर घाला. का ओंजळभर? तोंडात आलं म्हणून.

काकींनी मात्र माझं घमेलं वाफ्याजवळ येऊ दिलं नाही. त्यांनी मळीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. "हे तापलंय रे. मातीत गांडुळं असतात, भाजतील."

आठ दिवसांत पेठेतल्या सहा तुळशी वाळल्या, आणि अण्णांचा कढीपत्ता. मळी महिनोन्‌महिने कुजवून मगच घालायची असते, ताजी घातली की मुळं शिजतात. हे मला अण्णांनी सांगितलं, कढीपत्ता वाळल्यावर. वर म्हणाले, "मला ठाऊक व्हतं. म्हटलं, पोरगं शिकलेलं हाय, बघू काय करतंय." सहा तुळशींच्या सहा घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यातल्या दोघांच्या पत्रिका माझ्याकडे छापायच्या होत्या, त्या नारायणगावला गेल्या.

जूनच्या शेवटी रिपोर्ट आला. मी उभ्यानेच वाचला. नत्र भरपूर. स्फुरद भरपूर. पालाश अत्यंत भरपूर. सेंद्रिय कर्ब एवढा की समोर कुणीतरी पेनाने गोल केला होता. तीस वर्षं काकी तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी तिथंच ओतत होत्या, गळलेली पानं तिथंच राहू देत होत्या. आमच्या बापाच्या बारा एकरांत नसेल अशी माती त्या नऊ फुटांत होती. खाली शिफारस होती, शेणखत हेक्टरी वीस टन. मी कॅल्क्युलेटरवर काढलं. आमच्या वाफ्याला पावणेदोन किलोसुद्धा लागत नव्हतं. आणि मी तीन टन आणून टाकले होते.

म्हणजे माती ठणठणीत आणि झाड आजारी. इथं माझं शास्त्र संपलं.

तरी मी गप्प बसलो नाही. नर्सरीत जाऊन नवी जास्वंद निवडून आणली. तास घालवला, पानं उलटून बघितली, खोड दाबून बघितलं. एकही डाग नाही. कुंडी जुन्या झाडाशेजारी ठेवली. म्हटलं, हिला लवकर फूल येईल, ते पण घरचंच की. काकी म्हणाल्या, बघू. दहाव्या दिवशी नव्या झाडाच्या पानांमागे तोच कापूस.

तेवढ्यात चातुर्मास लागला. काकींनी सांगितलं, आता चार महिने माती उकरायची नाही, खड्डा नाही, फांदी छाटायची नाही, पावसाचे दिवस, जीव फार असतात. हात लावायचा नाही. मग मी काय करू, विचारलं. "बघत बस," काकी म्हणाल्या.

रागाने म्हणाल्या का सहज, ते माहीत नाही, पण मी खरंच बघत बसलो. दुसरं काम पण नव्हतं, पत्रिका नारायणगावला गेलेल्या. छापखान्यातलं एक भिंग माझ्याकडे होतं, छपाईचे ठिपके तपासायचं. ते घेऊन मी सकाळचा वाफ्यापाशी बसायला लागलो.

सांगू का, तीन महिने मी त्या झाडाला बरं करत होतो आणि एकदाही मी ते बघितलं नव्हतं. भिंगाखाली तो कापूस म्हणजे कापूस नव्हता. पिठात लोळलेले बारीक बारीक किडे होते, पानाला तोंड लावून बसलेले. आणि त्यांच्यात मुंग्या फिरत होत्या. मला वाटलं, मुंग्या त्यांना खात असतील. नाही. मुंगी किड्यापाशी यायची, मिशांनी त्याची पाठ थोपटायची, हळूहळू, आणि किड्याच्या मागून एक चकचकीत थेंब यायचा. मुंगी तो प्यायची आणि पुढच्या किड्याकडे जायची.

मी भिंग खाली ठेवलं. हे मी ओळखत होतो. शेळी पान्हवायला तिच्या कासेला असंच थोपटतात. मुंग्या धार काढत होत्या. मी बोट लावून चाखलं, गोड होतं. नंतर तर मी एका मुंगीला एक किडा तोंडात धरून कुंडीतल्या नव्या झाडाकडे नेताना बघितलं. वासरू दुसऱ्या दावणीला न्यावं तसं. माझ्या डोळ्यांदेखत गोठा वाढवत होत्या.

त्या दिवशी मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. एकच प्रश्न डोक्यात. मुंग्या तर तीस वर्षं तिथं आहेत. काकी रोज त्यांना वाटीभर घालतात, दोन मुठी पीठ आणि वर एक मूठ साखर. मग आत्ताच त्यांना धारा काढायची गरज का पडली?

दुसऱ्या दिवशी मी ते पीठ भिंगाखाली बघितलं. पिठात पीठच होतं. तिसऱ्या दिवशी पण. साखरेचा एक कण नाही.

वाटी काकी भरायच्या, पण अंगणात घालायला शेठ जायचे. पूजा करून, पांढऱ्या कपड्यांत, झाडाकडे तोंड करून ते दोन-तीन मिनिटं उभे राहायचे. त्यांचे ओठ हलत असायचे. मी इतके महिने समजत होतो की शेठ जप करतात.

मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण नवीन काही कळलं की माझ्या पोटात राहत नाही. ओट्यावर शेठ आणि काकी दोघंही होते. मी धारांचं सगळं सांगितलं. काकी ऐकत राहिल्या, मध्ये एकदा हसल्या पण. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"म्हणजे काकी, मुंग्यांना गोड हवंय," मी म्हटलं. "गोड खाली मिळालं तर त्या वर जाणार नाहीत."

"पण साखर तर रोज जाते," काकी म्हणाल्या. "हे स्वतः घालतात."

शेठ पेठेकडे बघायला लागले. मी माझी चूक ओळखली आणि सावरायला गेलो. म्हटलं, पावसाने विरघळत असेल.

"संक्रांतीला पाऊस होता?" काकींनी विचारलं. मला नाही, शेठना. मग त्या बोटांवर मोजत सावकाश बोलल्या. "दिवाळीला डॉक्टरांनी तुमची साखर बंद केली. डबा मी कुलपात ठेवला. मुंग्यांची तेवढी वाटी रोज तुमच्या हातात दिली."

काकी उठल्या आणि आत गेल्या. शेठ बराच वेळ धोतराचा काठ बोटात घेऊन बसले. मग म्हणाले, "सुदर्शन, तू टायपिंगच कर."

मला वाटलं, गेली खोली. पण काकींनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली. वाटी आता त्यांच्याच हातात होती. साखर रोज एक वीत झाडापासून लांब घालायची, असं आम्ही ठरवलं. वाफ्याची कड, मग फरशी, मग भिंत, मग भिंतीचा कोपरा. मुंग्यांची रांग रोज वीतभर सरकत होती. बाराव्या दिवशी झाडावर दोन-चारच राहिल्या, म्हाताऱ्या असाव्यात, सवय सुटत नसेल. मग मुंग्यांची राखण गेली म्हटल्यावर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे कुठून तरी आले आणि त्यांनी कापूस खायला सुरुवात केली. यावर मी काकींना भीतभीत विचारलं की हे चालेल का. त्या म्हणाल्या, आपण बोलावलं नाही, आपण हाकलणार पण नाही. शेठ हे सगळं दुकानाच्या मागच्या दारातून बघायचे. काकी त्यांच्याशी बोलायच्या, म्हणजे जेवायला चला, एवढं.

ऑगस्टच्या शेवटी एक कळी टिकली. मी तिच्याकडे बघताना श्वास पण जपून घ्यायचो. अण्णा येऊन म्हणाले, गळणार. नाही गळली. जैनांच्या संवत्सरीच्या दिवशी सकाळी ती उमलली. काकींना उपास होता. त्यांनी फूल खुडलं, तळहातावर घेतलं आणि मंदिरात गेल्या. पाठमोऱ्या चालताना त्या डोळे पुसत होत्या का पदर सावरत होत्या, ते मी बघितलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. घर माणसांनी भरलेलं. लहानथोर हात जोडून मिच्छामि दुक्कडम म्हणत होते. गर्दी ओसरल्यावर शेठ काकींसमोर आले आणि हात जोडले.

काकी म्हणाल्या, "माझी कशाला मागता? ज्यांची खाल्ली त्यांची मागा."

शेठ तसेच अंगणात आले. साठीला आलेला माणूस, गुडघे दुखतात, तरी भिंतीच्या कोपऱ्यात खाली बसले. मुंग्यांची रांग चालली होती. तिच्यासमोर हात जोडून, मान खाली घालून त्यांनी मिच्छामि दुक्कडम म्हटलं. नुसतं पुटपुटले नाहीत, ऐकू येईल असं. काकी दारात उभ्या होत्या.

"केलं का माफ?" त्यांनी विचारलं.

"घाईत होत्या," शेठ म्हणाले. "पण एक थांबली."

काकींनी त्यांना उठायला हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खिडकीत कप दिसला. आलं, गवती चहा, दूध जास्त. मी उचलायला गेलो तर आत काकी त्यांचा पहिला घोट घेत होत्या, डोळे मिटून. मी थांबलो. त्यांनी डोळे उघडले आणि मलाही हात जोडले. म्हणाल्या, पाच महिने तुझा पण चहा बंद केला, काही मनात ठेवू नको. म्हटलं, आता आपणही एकदा खरं बोलून टाकावं.

"काकी, मला शेतीतलं काहीच कळत नाही."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," काकी म्हणाल्या. "पी, गार होतोय."